वारं सुटलं तवा बानूचाची बोलली

आमी कुरुंदवाडचं, दोन नद्या मिळत्यात तिथनं वरच्या अंगाला आमची आळी, आन धंदा पिंजाऱ्याचा, म्हंजी कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, आज्यापास्नं त्योच. बाप ही एवढी माणसाएवढी कमान खांद्यावर टाकून गावोगाव जायाचा, कमानीला ताणलेल्या आतड्याच्या दोरीवर, म्हंजी तातीवर, लाकडी मोगरी हाणली की टुंईऽऽ टक, टुंईऽऽ टक, त्या आवाजावर मी झोपलो आन त्याच आवाजावर उठलो. आई म्हंती माझा पयला शब्द अम्मा न्हवता, टुंई हुता. खोटं सांगत आसंल, पर मला आवडतंय म्हणून मी ते खरं धरलंय.

आवाज काढायचा नाद तवापास्नंचा. शाळंत गेलो मराठी चवथीपातूर, न्हाई म्हणायला चार अक्षरं येत्यात, पर खरं शिकलो ते मास्तरांचा आवाज. एकदा मास्तर तंबाखू मळत वर्गाभायेर उभारलं हुतं, मी आतनं त्येंच्याच आवाजात वरडलो, उठा रं गाढवांनू, पाढा म्हणा, आन सगळी पोरं ताडकन उठून पाढा म्हणाय लागली. मास्तर भायेरच्या भायेर म्हणतंय कसं, आरं मी हितं हाय तर आत कोण हाय? मग काय, छडी. पर छडी दिऊन झाल्यावर दार लोटून घेतलं आन हळूच म्हणलं, परत एकदा काढ रं, बघू दे मी कसा बोलतोय.

एक सांगतो पावणं, हे लिवून घ्या. मी कुणाचाबी आवाज काढत न्हाई. जे माणूस आवडत न्हाई त्येचा आवाज आपल्या गळ्यात कशाला वागवायचा, गळा काय धरमशाळा हाय व्हय? बैल इकणारा दलाल काढतो, आमच्या मशिदीत बांग देणारं बांगी काढतो, वाण्याची पोपटागत बोलणारी बायकू काढतो, सगळी माझी लाडकी माणसं. पर सगळ्यांत लाडका आवाज म्हंजी माझ्या सासूचा. तिथनंच सगळा घोटाळा झाला बघा.

लगीन झालं माझं कोल्लापुरात. महाराजांचं राज्य, पेठंपेठंला तालीम, तालमीला तालमीचा तोरा, आन माझी सासुरवाडी एका तालमीच्या बरोबर म्होरं. सासरा दगडूचाचा, त्योबी पिंजारी, माणूस नावागतच, दिवसाला चार शब्द बोलला तर त्या दिवशी ताप आला म्हणायचं. का, तर घरातलं सगळं बोलणं सासूच्या वाट्याला आलतं. बानूचाची. आळीतली हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, सगळी तिला चाचीच म्हणायची, मग मीबी चाचीच म्हणाय लागलो. आन आवाज! काय सांगू तुम्हाला. तिनं पंचगंगंच्या घाटावर उभारून हाक मारली तर पन्हाळ्यावरचा माणूस म्हणंल आलो गं चाची, चपली घालतो आन येतो. खालनं सुरू हुयाचा, पिंजणीच्या तातीगत घुमायचा, वर चढायचा, आन शेवटाला असा फाटायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या आवाजावर आळी चालायची. कुणाची म्हस कुणाच्या दारात हागली हितनं ते कुणाची पोरगी कुणाला द्यायची हितपातूर, चाची बोलली की झालं.

आता असला आवाज कानावर पडल्यावर माझ्यासारखा माणूस गप बसंल व्हय? लग्नानंतर घरात रोज रात्री जेवताना मी बायकूला, हाजराला, तिच्या आईच्या आवाजात जेवाय वाढायला सांगायचो, हाजरा हसून हसून भाकरी करपवायची. ईदंनंतर चाची आली कुरुंदवाडला लेकीला भेटायला, न सांगता आली, आन मी आत बसून चाचीच्या आवाजात चाचीच्याच जावयाची अब्रू काढत हुतो. ह्या सोंगाड्याला पोरगी दिली म्हंजी हिरीत ढकलली गं, असं. हाजरा हसंना झाली तवा मी मागं बघितलं. चाची दारात.

ती तडक आत शिरली. हाजराचं गठुडं बांधलं आन निघाली. गाडीत बसल्यावर म्हणली, जिथं माझी टर उडवत्यात तिथं माझी लेक नांदायची न्हाई. मी म्हणलो, चाची टर न्हवं गं, कवतिक हाय. चाची म्हणली, कवतिक असं पाठीमागं करत्यात व्हय? आन गाडी निघाली.

मग मी न्यायला गेलो. नवी टोपी घालून गेलतो. चाची दारात येऊन उभारली, आन तिथंच, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, समोर आक्काताई म्हशीला पाणी दावतीया, तालमीच्या कट्ट्यावर गणू पैलवान आन त्येचं वस्ताद बसल्यात, त्या सगळ्यांच्या देखत म्हणली, ऐका रं सगळ्यांनी, माझ्या तोंडानं मी जा म्हणीन तवाच माझी पोरगी हितनं हलंल, आन ते मी म्हणणार न्हाई, कुराणशप्पत. वस्ताद म्हणलं, झालं, शपथ पडली. हाजरा दाराआडनं बघत हुती, आदी हसली, मग डोळ्याला पदर लावला. मी हात हलवत परत.

दुसऱ्यांदा गेलो ते वैशाखात, आंब्याची पाटी घिऊन. आंबं घेतलं, मला पाणी दिलं, पोरगी न्हाई. मी म्हणलो उनाचं बसतो वाईच, ते बसलो. घरात कापसाचा ह्यो ढीग, लगीनसराईचा पिंजून ठेवलेला, दगडूचाचा त्येच्याच आडोशाला घोरतंय, हाजरा माझ्याकडं बघंना आन मी तिच्याकडनं नजर काढंना. भायेर वारं न्हाई. पान हलत न्हवतं, जमिनीवर पडलेलं कापसाचं तुस हलत न्हवतं. आन खुट्टीला अडकवलेली कमान आपली आपण बोलली. टुंईऽऽ. कुणी हात लावला न्हाई, मोगरी कोनाड्यात पडलीया, आन तात आपली घुमतीया, लांबनं कुणी हाक मारावी तशी.

मी हाजराला म्हणलो, बघ, कमानबी तुला जा म्हणतीया. चाची म्हणली गप बस. तिचं तोंड पांढरं पडलेलं. पिंजाऱ्याच्या घरात हे जुनं हाय, कमान आपसूक बोलली की कापूस बांधायचा आन आभाळाकडं बघायचं, वारं लांब असलं तरी तातीला आदी कळतं. तिनं आभाळाकडं बघितलं आन कापूस बांधलाच न्हाई, तशीच भायेर पळाली.

घाटाकडनं आवाज आला, शंभर रिकाम्या बैलगाड्या पळवत आणल्यागत. मग आभाळ तांबडं झालं, तालमीतल्या मातीगत तांबडं, आन मग आलं. वळवाचं वारं काय आमाला नवीन न्हाई, दरसाल येतं, धूळ उडती, कैऱ्या पडत्यात, पोरं गोळा कराय पळत्यात. हे तसलं न्हवतं. हे ढकलत न्हवतं, उचलत हुतं. समोरच्या घरावरचं उसाच्या पाल्याचं छप्पर, टोपी काढावी तसं सबंध उठलं आन गेलं. कौलं पत्त्यागत फिरत हुती. लोकांनी काय केलं, जो त्यो आपल्या घरात शिरला आन म्होरलं मागलं सगळी दारं लावून बसला.

आन चाची आळीच्या मधोमध, तालमीच्या दगडी खांबाला मिठी मारून. चुली इझवाऽऽ म्हणून वरडली, पयल्या चुली इझवाऽऽ, वारं छप्पर नेईल, इस्तू आळी नेईल! आन काय सांगू तुम्हाला, त्या गडगडाटात तिचा आवाज गेला की शेवटच्या घरापातूर. घराघरातनं चुलीवर पाणी वतल्याचा वास आला, चर्रर्र. मग वरडली, मागलं दार उघडा, आत शिरलेल्या वाऱ्याला वाट द्या, न्हायतर त्ये वरनं जाईल! मागली दारं उघडली. मग म्हणली, बायकापोरं सगळी ताल—

तिथं तुटला. धुळीचा लोट तिच्या उघड्या तोंडात गेला, ती खोकली, परत तोंड उघडलं, आन आतनं काय आलंच न्हाई. तुटल्या तातीगत. मी पळत जाऊन तिला धरली. ती तालमीकडं हात दाखवत हुती. मला उमगलं, तालमीच्या भिती दगडी, हातभर रुंद, आळीत तेवढीच जागा टिकणार. मी वरडलो, आपल्या आवाजात, चला सगळी तालमीत चला! आक्काताई दाराआडनं म्हणतीया, कोण बोंबलतंय गं त्ये? आतनं कुणीतरी म्हणलं, चाचीचा कुरुंदवाडचा जावई. आक्काताई म्हणली, जावयानं जावयागत ऱ्हावं म्हणावं, आमाला घरातनं काढणारा त्यो कोण?

एकबी दार उघडलं न्हाई. चाचीनं माझा कान धरला, चांगला पिळला, आन स्वतःच्या गळ्यावर हात आपटला, मग माझ्या गळ्यावर. हितलं, हितं. मी बघतच ऱ्हायलो. ज्येच्यापायी बायकू गेली तेच ही करायला सांगतीया, आन तेबी हिच्या तोंडावर! तिनं एक थोबाडीत दिली. तवा माझा गळा मोकळा झाला.

मी चाची झालो. खालनं सुरू केला, घुमवला, चढवला, आन शेवटाला फाडला. आक्काऽऽ म्हस मोठी का जीव मोठा गं, दावं काप आन पोरं घिऊन तालमीत चल, न्हायतर मी येती झिंज्या धरायला! आन दारं उघडली पावणं. पटापटा. कुणाला काय दिसत न्हवतं, पर आवाज दिसत हुता म्हणा की, त्येच्या मागं सगळी आली, पदरानं तोंड झाकून, पोरं काखंत, म्हाताऱ्या हाताला धरून.

तालमीच्या दारात वस्ताद आडवं. बायका? तालमीत? बाईमाणसानं आजपातूर ह्यो उंबरा वलांडला न्हाई, आत मारुती हाय. चाची माझ्या खांद्याला धरून उभी, तिच्यात तर फुंकर मारायची ताकद न्हवती, पर माझ्या गळ्यातनं आलं, वस्ताद, मारुतीला आई हुती का न्हवती रं? वस्तादांनी मारुतीला हात जोडलं आन ते बाजूला झालं. ते मी बोललो न्हाई. एखाद्याचा आवाज नीट काढला ना, मग शब्दबी त्येचंच येत्यात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग गणू पैलवान आन बाकीचं पैलवान भायेर पळालं, ज्यास्नी चालता येत न्हवतं त्या म्हाताऱ्या खांद्यावर घालून आणल्या, एक म्हातारी म्हणतीया, आरं माझं लुगडं, गणू म्हणतोय, आजे लुगडं नवं घिऊन देतो, हात सोडू नगंस. आत तांबड्या मातीत सगळी दाटीवाटीनं बसली, एका कोनाड्यात मारुती, दुसऱ्या कोनाड्यात मोहरमचा पंजा, आन मधी आळी. सगळ्यात शेवटाला हाजरा आली बापाला एका हातानं वढत आन दुसऱ्या हातात कमान. चाचीनं तिला आत घेतलं आन भायेर बघितलं, मीबी बघितलं. चाचीच्या घराचं छप्पर उठत हुतं. आळीतली मागली दारं हिनं उघडाय लावली, हिचं सवताचं तेवढं उघडायचं ऱ्हायलं, कोण जाणार, ही तर भायेर उभी. छप्पर गेलं, आन त्येच्या मागनं कापूस निघाला, सगळ्या लगीनघरांचा, धुराच्या लोटागत वर, वर. चाची बघत हुती. रडली न्हाई. एकेका माणसावर बोट ठेवत आळी मोजली, मग मातीत बसली.

वारं गेलं आन मग चार थेंब पडलं. आमी भायेर आलो तर आळी वळखू यीना. घरं निम्मी उघडी, पर कुठंच आग न्हाई, माणूस एकबी गेला न्हाई, आन कापूस! लिंबाच्या झाडाला, बाभळीच्या काट्याला, देवळाच्या कळसाला, मशिदीच्या कमानीला. आक्काताईची म्हस कापूस लागून अशी उभी की आक्काताईनं आपली म्हस वळखलीच न्हाई, म्हणली, ही कुणाची मेंढी एवढी माजलीया? पयल्यांदा त्या दिवशी आळी हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापास्नं लोकं वटीत कापूस घिऊन याय लागली. वला, काटं लागलेला, शेणानं माखलेला, एकानं तर आतल्या आंब्याच्या कोयीसकट आणला. कुणी सांगितलं न्हवतं. वाळवला, आन मी आन दगडूचाचानं कमान धरली. कापसाचं एक बरं असतं, हाणला की घाण खाली पडती आन कापूस वर येतो. पैलवान चाचीच्या घराच्या भिती लिंपत हुतं, आन गाद्या ज्या दिवशी द्यायच्या त्या दिवशी दिल्या.

चाचीचा आवाज मातूर आला न्हाई. वैद्य झाला, हकीम झाला, जेष्ठमध झाला, हळद झाली. आन आळीला तर चाचीबिगर चालंना, कौलं कुणाला आदी, बांबू कुणाला, भांडणं काय थोडी हुत्यात? मग मी तिथंच ऱ्हायलो, आन चाची कुठंबी निघाली की माझा कान धरून संगं न्यायाची. ती तोंड हलवायची, मी बोलायचो. कुंभार कौलाचा भाव कमी करताना माझ्याकडं बघायचासुदीक न्हाई, चाचीकडं बघून म्हणायचा, चाची आता वरडू नगा, देतो. आन घरला आल्यावर ती मला शिकवायची! हात वर केला की चढव, बोट हलवलं की घशातनं काढ. चुकलं की थोबाडीत. एकदा मी तिच्या आवाजात तिच्याच जावयाला शिव्या दिल्या, त्याच, कुरुंदवाडच्या. चाचीचं खांदं हलाय लागलं. मला वाटलं रडतीया. हसत हुती, आवाजाबिगर हसत हुती.

छप्पर झालं त्या दिवशी सांजच्याला आळी तालमीच्या कट्ट्यावर बसलेली. चाचीनं हाजराचा हात धरून माझ्या हातात दिला आन माझा कान ओढला.  मी तिच्या आवाजात म्हणलो, जा पोरी, आपल्या घरला जा.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग जे हसाय लागली! आक्काताई म्हणली, लबाडा, सवताचा निकाल सवताच देतोस व्हय? वस्ताद म्हणलं, शपथ चाचीच्या तोंडची हुती, गळा तुझा हाय. मी म्हणलो चाची, सांग की. चाची मान हलवतीया, हात जोडतीया, पर दगडूचाचा, जल्मात न बोलणारा माणूस, त्या दिवशी नेमका बोलला, मान हलवायचं शपथंत न्हवतं. झालं. परत मी हात हलवत कुरुंदवाडला.

मग तिचा गळा सुटल्याचा सांगावा आला तवा मी धावत गेलतो. सुटला, पर काय सुटला, वल्या तातीगत बारीक, किरकिरा. तिनं आळी गोळा केली आन म्हणली, जा पोरी. आक्काताई म्हणली, ह्यो कुणाचा आवाज? आमच्या चाचीचा न्हवं ह्यो. ह्या आवाजानं कुठं शपथ घेतलीया? गणू म्हणला, मलाबी खरं वाटंना. चाचीला असा राग आला, आक्काताईवर वरडाय गेली तर चिमणीगत चिरकली, आन आळी परत हसाय लागली. मग तिनं माझा कान धरला, मला आपल्या पाठीमागं उभा केला, आन तोंड उघडलं. तोंड तिचं, आवाज माझा. जा पोरीऽऽ, आपल्या घरला जा, आन ह्या सोंगाड्याला उपाशी ठिऊ नगंस, उपाशी गळ्यातनं आवाज बारीक येतो! वस्तादांनी मांडीवर थाप मारली, म्हणलं, आता बरूबर. ही चाची.

जुना आवाज तिला परत मिळालाच न्हाई. त्यानंतर ती आमच्याकडं लई बारी आली, सांगून यायाची, आन जेवणं झाली की सुपारी कातरत म्हणायची, काढ रं वाईच, ऐकू दे मला, मी कशी बोलत हुतो. मी काढायचो. ती डोळं मिटून ऐकायची आन शेवटाला म्हणायची, बाई म्हंजी आगच हुती ती. दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं.

आता दोन वर्सं झाली तिला जाऊन. तालमीतल्या लोकांनीबी खांदा दिला. ती कमान हाजरानं माझ्या घरला आणलीया, ती बघा खुट्टीला. वैशाखात कवा ती आपसूक घुमली की मी अंगणात उभारून चाचीच्या आवाजात वरडतो, चुली इझवाऽऽ, आन आमच्या आळीतली माणसं, ज्यांनी चाचीचा जुना आवाज कवा ऐकलाबी न्हाई, ती चुलीवर पाणी वतत्यात. मी सांगितलं तर ऐकणार न्हाईत. एखाद्या दिवशी हाजरा गप गप असती, मग म्हणती, अम्मीला बोलवा की जरा. मी बोलवतो. माझ्या गळ्यात हाय तवर ती कुठं जातीया.

आन तुम्ही उठला कशाला? बसा की. थांबा, असं ऐकायचं न्हाई तुम्ही. ए पावण्याऽऽ, चाचीच्या दारातनं उपाशी गेलास तर टंगडी मोडीन, बस खाली, धा पोरांचा बाप हो, आन जेव! ऐकलासा? आन आतनं भांड्याचा आवाज ऐकलासा? हाजरानं ताट घेतलं बघा. मी कितीबी सांगितलं असतं तर वाईच थांबा म्हणली असती, पर आईचा शब्द ती मोडत न्हाई.